गप्प राहायची जागा

रात्रीचे दोन वाजले असतील. बाळांच्या काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी एका कुशीवर कलून बसले होते, कारण सरळ बसलं की टाके ओढत होते. लेक आत होती. चौतिसाव्या आठवड्यातच आलेली, पावणेदोन किलोची, नाकात नळी. सासूबाई पाण्याची छोटी बाटली घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, पाणी हवंय का ते विचारायला आल्यात. त्या म्हणाल्या, "सिस्टर पाच मिनिटं आत सोडते म्हणाली. मी पाणी घातलं तर चालेल का तुला?"

पाणी घालणं म्हणजे काय, हे मला लगेच उमगलं नाही. उमगलं तेव्हा माझ्या तोंडून ना हो निघालं, ना नाही.

त्या थोडा वेळ थांबल्या. मग बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट फिरवत म्हणाल्या, "राहू दे. तू म्हटल्याशिवाय मी नाही घालायची. पण रात्री तसंच काही झालं आणि मी जवळ नसले, तर तू घाल. तू हिंदू असलीस तरी चालतं. डोक्यावर तीनदा पाणी घालायचं आणि शब्द तेवढे बरोबर म्हणायचे." आणि तिथं, त्या फिनेलच्या वासात, त्यांनी मला ते शब्द शिकवले. मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. 'देते' म्हटलं तरी चालेल, त्या म्हणाल्या. पाढे म्हणून घ्यावेत तसे त्यांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणून घेतले.

तेव्हा मला हा सगळा म्हातारीचा हळवेपणा वाटला होता. पुढे कळलं की त्या शब्दाशब्दाला बरोबर होत्या. मरण समोर दिसत असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. फादर लागत नाहीत, ख्रिस्ती माणूसही लागत नाही. पाणी लागतं, ते शब्द लागतात, आणि चर्च जे करतं तेच मी करते आहे एवढा मनाचा हेतू लागतो. इतकंच काय, बाळाचा जीव धोक्यात असेल तर आईबापांच्या मनाविरुद्धही तो देता येतो, असं त्यांच्या धर्मनियमांत स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे सासूबाईंना मला विचारायची गरजच नव्हती. त्यांना हे ठाऊक होतं, तरी त्यांनी विचारलं.

लेकीनं तिसऱ्या दिवशी नळी टाकली. ती बाटली माझ्या पिशवीतच राहिली होती. घरी येताना रिक्षात तहान लागली, तेव्हा त्यातलं पाणी मीच पिऊन टाकलं.

माझं माहेर गुहागरकडचं. सासर वसईच्या निर्मळ-नंदाखाल पट्ट्यातलं, केळीच्या बागा आणि बावखलांमधलं, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांमधलं. नकाशात दोन्ही कोकणच, पण वडिलांचं मत असं की वसई म्हणजे मुंबई. सासरी आपसात कादोडी बोलतात. पहिल्या वर्षी मला त्यातलं निम्मं कळायचं नाही आणि उरलेल्या निम्म्याचा मी चुकीचा अर्थ लावायचे. आजेसासूबाई शेवटपर्यंत लाल लुगडं नेसायच्या, कपाळ तेवढं मोकळं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या माझ्या आजीच्याच कुणी मैत्रीण वाटल्या होत्या.

लग्न चर्चमध्ये झालं, बिशपांच्या खास परवानगीनं, कारण माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता आणि होणारही नव्हता. तेव्हा नवऱ्यानं एका कागदावर सही केली होती: मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी माझ्या परीनं सगळं करीन. मी सही केली नाही. नवऱ्यानं असं वचन दिलंय, हे मला फक्त सांगण्यात आलं. १९७० पूर्वी दोघांनाही लिहून द्यावं लागायचं. त्या वर्षी पोपनी नियम बदलला आणि बिगरकॅथलिक जोडीदाराची सही गळाली. तेव्हा मला हा कागदोपत्री बारकावा वाटला. पोटात मूल वाढायला लागल्यावर तो कागद मला अधूनमधून आठवायला लागला.

पोर घरी आल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, कधी? कॅथलिक रीत सांगते की जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा व्हावा. आमच्याकडे आधी डॉक्टरांनी गर्दीत नेऊ नका म्हणून सांगितलं, मग पाऊस, मग गणपती. गणपती आटोपल्याशिवाय माझ्या माहेरच्या घरातून कुणी उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे मी फादरना सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "मग विसर्जन झाल्यावर या. अनंतचतुर्दशीच्या पुढचा कुठलाही रविवार."

खरी अडचण तारखेची नव्हतीच. वडिलांनी फोनवर एकच वाक्य म्हटलं आणि ते माझ्या डोक्यात घर करून बसलं. ते शाळेत मराठी शिकवायचे. ते म्हणाले, "रेव्हरंड टिळकांनी स्वतः ठरवलं होतं. तू त्या पोरीचं का ठरवतेस?"

नारायण वामन टिळक आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तिशी उलटलेला माणूस, कवी, शास्त्र शिकलेला. वर्षानुवर्षं स्वतःशी भांडून त्यांनी ते केलं आणि त्यापायी घर तुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आपल्या वेळेला, आपल्या मनानं. वडिलांना ही दोन्ही माणसं फार प्रिय. वर्गात त्यांच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात धर्माचा राग नव्हता. त्यांना खुपत होतं ते एवढंच की इतकी मोठी गोष्ट तान्ह्या बाळाच्या डोक्यावर, झोपेत, उरकून टाकायची.

मी त्यांना म्हटलं, आपण तरी बारशाला बाळाला विचारतो का? सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणता, ती विचारते का? ते म्हणाले, सटवाईचं पुसून टाकता येतं. कसं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शाळेतल्या माझ्या एक सहकारी बाई मराठी ख्रिस्ती आहेत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या. त्यांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या चर्चमध्ये दोन्ही चालतं." १९७० साली नागपुरात हे चर्च एकत्र आलं तेव्हा बाळांना बाप्तिस्मा देणारेही त्यात आले आणि 'जाणत्या वयात, स्वतः कबुली देऊनच' म्हणणारे बॅप्टिस्टही आले. मग दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या. एकतर बाळाला बाप्तिस्मा द्या आणि मोठेपणी त्यानं तो पक्का करावा, किंवा बाळाला फक्त देवापुढं आणून आशीर्वाद मागा आणि पाण्याचं त्याला मोठेपणी ठरवू द्या. त्यांच्या स्वतःच्या घरात थोरल्या भावाचं एका तऱ्हेनं झालं आणि धाकटीचं दुसऱ्या. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "छान आहे, पण आपण कॅथलिक आहोत." मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे मी आहे."

चर्चच्या ऑफिसात पहिल्यांदा गेलो त्या दिवशी मी मनात सगळे वाद तयार करून गेले होते. तिथं निघाला एक फॉर्म. बाळाचा जन्मदाखला, आमच्या लग्नाची नोंद, आणि धर्मपिता-धर्ममाता कोण. धर्ममाता नणंद होणार, हे ठरल्यासारखंच होतं. धर्मपिता म्हणून मी माझ्या भावाचं नाव सांगितलं. आपल्याकडे मामाशिवाय कशाचं पान हलतं? ऑफिसातल्या बाई मान हलवत म्हणाल्या, "तो कॅथलिक आहे का?" नाही. "मग नाही होणार."

नियम असा आहे: सोळा वर्षं पूर्ण झालेला, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेला, श्रद्धेनं जगणारा कॅथलिक, आणि तो बाळाचा बाप किंवा आई नसावा. एकच असला तरी चालतो. दोन असतील तर एक पुरुष आणि एक बाई. दुसऱ्या पंथाचा बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती माणूस कॅथलिक धर्मपित्याच्या सोबतीनं नुसता साक्षीदार होऊ शकतो. ज्याचा बाप्तिस्माच झालेला नाही, त्याला हे पद नाही. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण रिक्षात बसल्यावर वाटलं, माझ्या भावाला तिथं उभं करून कुणी विचारलं असतं, 'या बाळाला ख्रिस्ती म्हणून वाढवायला मदत कराल ना', तर तो काय म्हणाला असता? मला बरं वाटावं म्हणून हो म्हणाला असता. आणि त्याला तसं म्हणायला लावणारी मीच असते. धर्मपिता मग नवऱ्याचा चुलतभाऊ झाला. तो दुसऱ्या धर्मग्रामातला, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीतला, म्हणून त्याच्या चर्चमधून तसं पत्र आणावं लागलं. ते त्यानं शनिवारी संध्याकाळी आणलं, त्याच्या सगळ्या कामांसारखं.

कार्यक्रमाच्या आधी एक संध्याकाळ आईबापांना आणि धर्मपालकांना समजावून सांगायला बोलावतात. आम्ही चार जोडपी होतो. शिकवणारे गृहस्थ निवृत्त होते, बँकेतले असावेत, कारण चूक त्यांना खपत नव्हती. त्यांनी अमेरिकेतला किस्सा सांगितला. ॲरिझोनात एक फादर वर्षानुवर्षं 'मी तुला बाप्तिस्मा देतो' ऐवजी 'आम्ही तुला' म्हणत होते, सगळ्या गावाला सामावून घ्यावं म्हणून. २०२० साली रोमनं स्पष्ट केलं की 'आम्ही' म्हटलेला बाप्तिस्मा झालाच नाही, पुन्हा द्यायला हवा. २०२२ मध्ये त्या फादरांचं प्रकरण बाहेर आलं आणि हजारोंना कळलं की आपलं काहीच झालेलं नाही. एका जोडप्यानं विचारलं, एका शब्दानं एवढं काय? गृहस्थ म्हणाले, तो 'मी' फादरांचा नसतोच. बाप्तिस्मा ख्रिस्त देतो, फादर फक्त त्याचे हात आणि त्याचं तोंड. गावानं एकत्र येऊन द्यायची ती गोष्ट नाही. मला एकदम ती बाटली आठवली. 'देते म्हटलं तरी चालेल,' असं सासूबाई म्हणाल्या होत्या. 'मी' मात्र त्यांनी सोडू दिला नव्हता.

मग त्यांनी विधी पायरीपायरीनं सांगितला. दारापाशी स्वागत, शास्त्रवाचन, छातीला तेल, पाण्यावरची प्रार्थना, सैतानाचा त्याग, विश्वासाची कबुली, पाणी, माथ्यावर सुगंधी तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. "इथं फादर तीन वेळा विचारतील, सैतानाला नाकारता का? तुम्ही म्हणायचं, होय, नाकारतो. मग तीन वेळा, विश्वास ठेवता का? तुम्ही म्हणायचं, होय, ठेवतो." सगळे माना डोलवत होते. मी विचारलं, "मी काय म्हणायचं?"

खोली एकदम शांत झाली. गृहस्थांनी कागदातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "हे फादरना विचारू या."

फादर चाळिशीतले. माझं ऐकून घेतल्यावर त्यांनी कपाटातून लाल पुठ्ठ्याचं विधीचं पुस्तक काढलं, प्रास्ताविकाचं पान उघडलं आणि बोट ठेवून मराठीत मला सांगितलं. आईबापांपैकी एखाद्याला, कदाचित तो कॅथलिक नसल्यामुळे, विश्वासाची कबुली देता येत नसेल, तर त्यानं गप्प राहावं. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा की बाळासाठी बाप्तिस्मा मागताना, त्या बाळाला या श्रद्धेचं शिक्षण मिळेल याची त्यानं सोय करावी, निदान परवानगी द्यावी.

"हे छापलेलं आहे?" मी विचारलं.

"१९६९पासून."

मला काय वाटलं ते नीट सांगता येईलसं वाटत नाही. महिनाभर मी धरून चालले होते की माझ्यापुढं दोनच वाटा आहेत: त्या पायरीवर खोटं बोलायचं, किंवा सगळ्यांच्या देखत अडून बसायचं. आणि कुणीतरी कधीतरी, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, माझ्यासारखी बाई त्या पायरीवर उभी असेल हे धरून तिच्यासाठी जागा सोडली होती. तिनं हो म्हणावं असा आग्रह नव्हता. तिनं बाहेर थांबावं, असंही कुठं लिहिलं नव्हतं.

फादर पुढं म्हणाले, "सैतानाला नाकारायला तुमची हरकत नसेल, तर ते म्हणा हवं तर." मी हसले. ते हसले नाहीत. "नाहीतर तेही नको. पण एक प्रश्न मात्र तुम्हाला उत्तर द्यायचा आहे. दारापाशी मी विचारीन, चर्चकडे काय मागता? तिथं गप्प नाही चालायचं. मागायला आलात तर मागा."

घराशेजारच्या एका काकूंनी मला विचारलं होतं, "तू पण घेऊन टाक ना त्याच दिवशी. एका खर्चात दोन." हेही मी फादरना सांगितलं. ते म्हणाले, मोठ्या माणसाचं असं होत नाही. मोठ्या माणसाला आधी चौकशी, मग महिनोन्‌महिने शिकणं, उपवासकाळाच्या सुरुवातीला बिशपांपुढे नावनोंदणी, आणि शेवटी ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद, तिन्ही एकदम. "आणि नवऱ्याच्या घरच्यांना बरं वाटावं म्हणून कुणी आलं, तर मी परत पाठवतो." हे ऐकून वडील जरा निवळले. "म्हणजे टिळकांसारखंच," ते म्हणाले.

सासूबाईंना मी त्या पानाबद्दल सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या आईला तर बोलायचाच प्रश्न नव्हता. ती तिथं नसायचीच." त्यांच्या लहानपणी बाळ आठवड्याचंही व्हायच्या आत त्याला चर्चमध्ये न्यायचे, कारण बाळं जायची पटापट. बाळंतीण घरात, शेकशेगडीला. बाळाला न्यायची धर्ममाता. सगळे प्रश्न लॅटिनमध्ये, सगळे बाळालाच उद्देशून, आणि बाळाच्या वतीनं उत्तरं धर्मपालकांची. आईबाप त्या विधीत जवळजवळ नव्हतेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६३ साली म्हटलं की बाळांचा विधी बाळांच्या खऱ्या अवस्थेला साजेसा करा आणि आईबापांची भूमिका त्यात ठळक करा. मग १९६९चा नवा विधी आला, हळूहळू मराठीत आला. धाकट्या भावाच्या बाप्तिस्म्याला सासूबाई सात वर्षांच्या होत्या. त्यांना आठवतं ते मीठ. जुन्या रीतीत फादर बाळाच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवायचे. भावानं तोंड वाकडं केलं आणि त्या मोठ्यानं हसल्या म्हणून घरी आल्यावर त्यांना मार बसला. "मीठ काढलं ते चुकलं," त्या म्हणतात. "इथं एवढी मिठागरं, आणि मीठच काढून टाकलं."

पांढऱ्या वस्त्राचं काम आईकडे आलं. वस्त्र शक्यतो घरच्यांनी आणावं अशी रीत आहे, आणि मामाला काही काम नाही म्हटल्यावर मीच सुचवलं: कुंची आपल्याकडून असतेच की, ती पांढरी शिवू या. आई फोनवर गप्प झाली. मग म्हणाली, "पांढरी कुंची? कोऱ्या पांढऱ्यात गुंडाळतात कुणाला ते तुला ठाऊक आहे ना?" मी तिला सांगितलं की तो पांढरा तसला नाही, नव्या जन्माचा आहे. ती म्हणाली, "त्यांच्याकडे असेल." पण शिवली. मऊ मलमल, आत अस्तर, आणि कडेला बारीक पांढरीच लेस. कुंचीच्या टोकाला आतल्या बाजूनं हिरव्या खणाचा नखाएवढा तुकडा तिनं शिवला होता. मला तो कितीतरी महिन्यांनी, कुंची धुताना सापडला.

आदल्या दिवशी घरातच बारसं केलं. बाराव्या दिवशी पोर इस्पितळात होती, त्यामुळे ते राहूनच गेलं होतं. आई-बाबा, भाऊ चिपळूणहून गाडीनं आले, आईच्या मांडीवर घुगऱ्यांसाठी भिजवलेल्या हरभऱ्याचा डबा. पाळणा नव्हता, सासूबाईंचं लुगडं बांधून झोळी केली. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, म्हणताना आईला पुढच्या ओळी आठवेनात. नणंदेला आत्या म्हणून कानात कुर्र करायचं होतं. तिनं 'कुर्र' एवढ्या मन लावून केलं की पोर दचकून रडली. सासरे दारात उभे राहून सगळं बघत होते, हातात मोबाईल, पण फोटो काढायचा विसरून गेलेले.

नावाचं मात्र इथं लिहीत नाही. ती मोठी झाली की तिचं तिनं ठरवावं, कुठं लिहायचं ते. एवढंच सांगते की ते मराठी नाव आहे आणि कुठल्या संताचं नाही. मला भीती होती की चर्च ते घेणार नाही. जुन्या नियमात संताचं नाव लागायचं, घरचं वेगळं असलं तर त्याला जोडून तरी. १९८३च्या नियमांत एवढंच आहे की नाव ख्रिस्ती भावनेला परकं वाटेल असं नसावं. माझी आणखी एक समजूत चुकीची निघाली. मला वाटायचं बाप्तिस्मा म्हणजे नाव ठेवणं, ख्रिस्ती बारसं. फादर दारात पहिला प्रश्न विचारतात तो असा: तुम्ही या बाळाला काय नाव दिलं आहे? दिलं आहे. नाव घरून आलेलं असतं, चर्च फक्त ते विचारून घेतं.

रविवारी सकाळी ऊन होतं, दोन-तीन दिवसांच्या पावसानंतरचं. चर्चच्या मोठ्या दारात आम्ही चार कुटुंबं उभी राहिलो. नाव विचारलं, नवऱ्यानं सांगितलं. मग फादर माझ्याकडे वळून म्हणाले, "या बाळासाठी चर्चकडे काय मागता?"

"बाप्तिस्मा," मी म्हटलं. आवाज मला वाटला होता त्याहून मोठा आला.

फादरांनी तिच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला, मग आम्हा दोघांना काढायला सांगितला. सटवाईच्या जागेवर. माझा अंगठा थरथरत होता, क्रूस नीट सरळ आला नाही.

पुढं आत गेलो. सैतान, त्याची कृत्यं, त्याचा डामडौल. चार कुटुंबं एका आवाजात म्हणाली, नाकारतो. विश्वास ठेवता का, ठेवतो. सहाही वेळा मी गप्प होते. इतक्या माणसांच्या 'होय'मध्ये एकटं गप्प राहणं किती अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. तोंड आपोआप उघडायला बघतं, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं. नवऱ्याचा आवाज माझ्या खांद्यापाशी येत होता, मागून सासूबाईंचा, त्याहून ठाम. मी पोरीच्या कुंचीच्या लेसकडे बघत राहिले.

मग पाणी. आमच्या पोरीचा नंबर तिसरा. नणंदेनं तिला हातावर आडवी धरली, फादरांनी पितळी शिंपल्यानं माथ्यावर पाणी घातलं. बाप्तिस्मा या शब्दाचं ग्रीक मूळ बुडवणं असं आहे. अजूनही पूर्ण बुडवून किंवा पाणी ओतून, दोन्ही रीती ग्राह्य आहेत. फादरांनी पहिलं ओतलं, दुसरं ओतलं. आणि मला जाणवलं की त्यांच्याबरोबर माझे ओठ हलताहेत. मी तुला पित्याच्या, पुत्राच्या. आवाज नव्हता. त्या बाकावर पाठ केलेले शब्द होते, ते आपसूक आले. मी मान वळवून मागे पाहिलं. सासूबाई माझ्या तोंडाकडेच बघत होत्या.

माथ्याला तेल, मग मामानं मलमलीच्या कुंचीचे बंद बांधले, तेवढं काम फादरांनी त्याला दिलं होतं. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून धर्मपित्यानं छोटी मेणबत्ती पेटवली. शेवटी फादरांनी तिच्या कानांना आणि ओठांना बोट लावलं: ऐकायला कान उघडोत, बोलायला तोंड. नणंद माझ्या कानाशी कुजबुजली, "काल मी केलं ते."

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू उत्तरं पाठ नव्हती केलीस का गं? सगळे बोलत होते आणि तू नुसती उभी. मला मेलीला इतकं कसंतरी झालं." मी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "असं असतं होय. मग बरं."

ऑफिसात नोंदवही उघडी होती. बाळाचं नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, बापाचं नाव, आईचं नाव, धर्मपिता, धर्ममाता, कुणी दिला. पानाच्या कडेला एक रुंद मोकळा रकाना. वडिलांनी चष्मा काढून तो पाहिला आणि विचारलं, हा कशासाठी? फादर म्हणाले, दृढीकरण झालं, लग्न झालं, संन्यास घेतला, तर जगात कुठंही झालं असो, ते कळवलं जातं आणि इथं याच पानावर लिहिलं जातं. वडील म्हणाले, "म्हणजे सातबारा. हे फेरफार."

"तसंच. फक्त मूळ नोंद खोडता येत नाही. बाप्तिस्मा एकदाच."

वडिलांनी पुन्हा त्या कोऱ्या रकान्याकडे पाहिलं. त्यांना तो प्रश्न पुन्हा विचारायचा होता, मला दिसत होतं. विचारला नाही. "आईचं नाव ऱ्हस्व-दीर्घ बघून लिहा," एवढंच म्हणाले.

बाहेर चर्चच्या आवारात आईनं घुगऱ्यांचा डबा उघडला होता. जेवणातले तळलेले फुगे आणि मसालेदार इंद्याल घरी वाट बघत होते, पण तिथं येणारे-जाणारे सगळे मूठ-मूठ घुगऱ्या घेत होते, दुसऱ्या तिन्ही कुटुंबांचे पाहुणेसुद्धा. सासूबाईंनी चार दाणे तोंडात टाकले, हळू चावले.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलंय."